शांतम्माची रिटचिंगची पेन्सिल

मी एक जुनी पेन्सिल आहे, मित्रांनो. पण दप्तरातल्या पेन्सिलींशी माझं नातं जोडू नका. उभ्या आयुष्यात मी एक अक्षरसुद्धा लिहिलेलं नाही. मी फोटोच्या निगेटिव्हवर काम केलं. आता करंगळीच्या पेराएवढी उरले आहे आणि सोलापुरातल्या एका घरी बटणांच्या डबीत राहते. बटणांची सोबत बरी आहे. माझी काही तक्रार नाही.

१९७४ साली मी मुंबईहून बाकीच्या सामानाबरोबर इथल्या वीरभद्रप्पांच्या फोटो स्टुडिओत आले. पुढच्या खोलीत वीरभद्रप्पा फोटो काढायचे आणि मागच्या खोलीत त्यांच्या पत्नी शांतम्मा रिटचिंग करायच्या. म्हणजे चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या, खड्डे फोटोतून नाहीसे करायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पॉलिश पेपरवर घासघासून सुईसारखं टोक काढलं. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण नंतर त्या टोकाचा मला फार गर्व झाला.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळे केस पांढरे आणि पांढरे दात काळे. गालावरचा खड्डा तिथे रिकाम्या, पारदर्शक जागेसारखा दिसतो. शांतम्मा निगेटिव्हवर औषधाचा एक थेंब कापसानं चोळायच्या, म्हणजे माझं शिसं त्यावर धरायचं. मग उतरत्या डेस्कवर ठेवून, खालून उजेड घेऊन, ती रिकामी जागा बारीक बारीक टिंबांनी भरायच्या. जरा दाब पडला की ओरखडा उठलाच म्हणून समजा. फोटो छापला की गाल इतका गुळगुळीत यायचा की गिऱ्हाईक खूश. लोक शांतम्मांची वाहवा करायचे आणि डब्यात पडल्या पडल्या मी फुगायचे.

१९७६ च्या दिवाळीनंतर कुंभारी गावचे बसप्पा आपल्या मुलीला, नागव्वाला, घेऊन आले. सोयरिकीसाठी पाठवायला फोटो हवा होता. नागव्वाला लहानपणी देवी आल्या होत्या. गालांवर, कपाळावर त्यांचे व्रण राहिले होते. तीन दिवस मी त्या व्रणांवर राबले. एकही शिल्लक ठेवला नाही. इतकं देखणं काम मी पूर्वी कधी केलं नव्हतं.

चैत्रात बापलेक पुन्हा आले. बसप्पांना त्याच फोटोच्या आणखी प्रती हव्या होत्या. ते पुढे वीरभद्रप्पांशी बोलत बसले आणि नागव्वा मागच्या खोलीत आली.

"अक्का, माझं तोंड तुमीच पुसलंय व्हय?"

"पुसलं न्हाई गं. साफ केलं," शांतम्मा हसून म्हणाल्या.

"दोनदा पाव्हणे येऊन गेले. एकानं तर खिशातला फोटो काढून माझ्या तोंडाशेजारी धरला. समद्यांम्होरं. चहाबी अर्धा टाकून उठले." ती डेस्कजवळ सरकली. "आता मंगळवेढ्याचं स्थळ हाय. आप्पा म्हणत्यात, ह्या खेपेला न्हाय जमलं तर बिजवर बघायचा."

शांतम्मांचं तोंड उतरलं. त्यांनी नागव्वाची निगेटिव्ह शोधून काढली, कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि माझं तीन दिवसांचं काम दोन मिनिटांत पुसून टाकलं. खोटं कशाला बोलू? मला आधी राग आला. वाईट वाटलं ते नंतर.

तासाभरानं ओला फोटो समोर आला. तो बघून नागव्वा पांढरी पडली. "एवढं न्हाय की हो अक्का!"

खरंच तिच्या तोंडावरचे व्रण एवढे खोल नव्हते. शांतम्मांनी नवऱ्याला हाक मारली. "अहो, इकडं या. तुमचा दिवाबी खोटंच बोलतोय. बाजूनं लावलाय, एकेका खड्ड्याला सावली पाडलीय बघा."

"बाजूचा दिवा मी समद्यांनाच लावतो," वीरभद्रप्पा डोकं खाजवत म्हणाले.

"मग हिला लावू नका."

वीरभद्रप्पांनी खुर्ची खिडकीपाशी नेली. खिडकीवर धुतलेलं पांढरं धोतर बांधलं, तसं ऊन मऊ झालं. दुसऱ्या अंगाला शांतम्मा पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या, म्हणजे तिकडची सावलीही उजळली. वीरभद्रप्पांनी कॅमेरा नागव्वाच्या डोळ्यांवर नीट जुळवला. बसप्पा मात्र दारात येरझारा घालत होते.

"डाग दिसल्यावर कोण येणार हाय?"

"जे येतील ते बघूनच येतील की, आप्पा," नागव्वा म्हणाली.

बसप्पा येरझारा थांबवून उंबऱ्यावर टेकले. शांतम्मांनी विचारलं, "भाकरी कोणाची पातळ गं, तुजी का आईची?" ती हसून "माजीच" म्हणाली आणि त्याच क्षणी फोटो निघाला.

या वेळी मला थोडंच काम होतं. नाकावरची एक पुटकुळी घालवली आणि जागरणानं डोळ्यांखाली आलेलं काळं जरा हलकं केलं. व्रण होते तिथेच राहिले, पण आता त्यांच्या आधी डोळ्यांकडे लक्ष जात होतं. तेव्हापासून शांतम्मांनी नियमच केला. आठ दिवसांत जाणारं असेल ते पुसायचं आणि जन्माचं असेल त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

फोटो मंगळवेढ्याला गेला. पंधरा दिवस काही निरोप नाही. शांतम्मा रोज विषय काढायच्या आणि वीरभद्रप्पा रोज टाळायचे. मग एके सकाळी टोपी घातलेला एक माणूस स्टुडिओत आला. त्यानं खिशातून दोन फोटो काढले. एक नागव्वाचा, मागे आमच्या स्टुडिओचा शिक्का असलेला, आणि दुसरा त्याचा स्वतःचा.

"मी चनमल्लप्पा. मंगळवेढ्याहून आलो. हा माजा फोटो घरच्यांनी दुसरीकडं काढून घेतला. ह्यातले केस ब्रशनं भरल्यात." त्यानं टोपी काढली. डोकं चक्क तुळतुळीत होतं. "तिनं खरा पाठवला, आन् मी असला कसा पाठवू? माजा नवा काढा. हाय तसा."

वीरभद्रप्पांनी धोतर पुन्हा खिडकीवर बांधलं. त्या डोक्यावर मला काहीच काम नव्हतं आणि त्याचं मला मुळीच दुःख झालं नाही. उलट शांतम्मा माझं टोक पुसता पुसता गाणं गुणगुणत होत्या, ते ऐकून मला फार बरं वाटलं.

लग्नानंतर दोघं जोडीचा फोटो काढायला आले. निघताना शांतम्मांनी नियमाप्रमाणे विचारलं, "नागव्वा, काय काय पुसू?"

नागव्वानं नवऱ्याकडे पाहिलं. "कायबी नगं, अक्का. आमी दोगांनी एकमेकांला बघून घेतलंय."

मित्रांनो, पुढं कितीतरी वर्षं मी झिजत गेले आणि समाधानानं झिजले. तुम्ही कधी कुणाचा फोटो काढाल, सजवाल, तेव्हा आधी चांगला उजेड शोधा, हात हलका ठेवा आणि ज्याचा चेहरा आहे त्याला एकदा विचारा. नागव्वाच्या चेहऱ्यावर मी तीन दिवस राबले आणि तिला एकदाही विचारलं नाही, म्हणून सांगते.