स्वच्छ रानात भाजलेला माठ

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे. माठ म्हणजे थंडगार आणि शांत, असे तुम्हाला वाटत असेल. पण मी सध्या भयंकर रागावलो आहे.

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या एका कुंभाराने मला घडवले. माझे भाऊबंद लोकांच्या ओट्यांवर गेले. मला मात्र सुलक्षणाबाईंनी माळावरच्या मुरमाड जमिनीत गळ्यापर्यंत पुरले. आधी मला अपमान वाटला. मग त्यांनी शेजारी आंब्याचे रोप लावले, मला पाण्याने भरले आणि वर झाकण ठेवले. माझ्या अंगातून पाणी झिरपे आणि रोपाची मुळे ते पीत. विहीर आटत आली तरी एवढ्यावर रोप तगले.

आंब्याभोवती शेवगा, हादगा, सीताफळ आणि करवंदी आल्या. खाली रताळ्याचे वेल पसरले. उंच झाडाने बुटक्याला सावली द्यायची, गळलेल्या पाल्याने मातीची ओल राखायची, अशी तिथली रीत. शहरातून बघायला आलेल्या लोकांनी तिला पर्माकल्चर म्हटले. गावाने गबाळ म्हटले. "रान हाय का उकिरडा?" असे जाणारे-येणारे विचारत. त्याच उकिरड्यातल्या शेवग्याच्या शेंगा मात्र मागून नेत. जनाची नाही, निदान मनाची तरी लाज हवी.

सुलक्षणाबाईंचे यजमान हनुमंतराव यांना ही बोलणी फार लागत. त्यातच त्यांच्या मुलाची, ज्ञानेशची, सोयरीक जुळायची वेळ आली. मुलीकडचे रान बघायला येणार होते. आमच्याकडे नवरामुलगा नंतर बघतात, रान आधी. सुलक्षणाबाई बाजाराला गेल्या आणि हनुमंतरावांनी झाडांखालच्या पाल्याला काडी लावली.

भर उन्हाळ्यातला पाला तो. जाळ वेलांवरून धावत सुटला. माझे झाकण फुटले, गळा तापला. सुलक्षणाबाई परत आल्या त्या घागर घेऊनच धावल्या. थंड पाणी तापलेल्या गळ्यावर पडले आणि मला तडा गेला. ज्या आंब्याला मी थेंब थेंब पाजून वाढवले, तो माझ्यासमोर करपला. त्या संतापाने मी आजही धुमसतो आहे.

"पाव्हण्यांना काय कचरा दाखवायचा व्हता?" हनुमंतराव म्हणाले.

"कचरा न्हवता त्यो. झाडांचं पांघरूण व्हतं," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

पाहुणे आले. मुलीचे आजोबा सावळारामआबा काळ्या पडलेल्या मातीकडे बघत राहिले.

"तुमची ती झाडी कुठं हाय? उन्हाळ्यातबी हिरवी असती म्हणून ऐकलं व्हतं. नात म्हणली, आबा, आधी तीच बघून या."

"तुम्ही येणार म्हणून साफ केली," हनुमंतराव पुटपुटले.

आबांनी चहा घेतला. उठताना म्हणाले, "त्या करपलेल्या आंब्याला पालवी फुटली की सांगा. मग बोलू."

आता हनुमंतराव रोज मला पाण्याने भरतात. इतरांच्या बांधावरचा पाला गोळा करून आणतात. लोक हसतात, तेही ऐकून घेतात. तडा गळ्याला आहे, पोट शाबूत आहे, म्हणून माझे काम चालू आहे. काल घाईत ते अनवाणीच आले. उघडी माती तव्यासारखी तापली होती. बिचारे एका पायावर नाचत सावली शोधू लागले. सावली होतीच कुठे? मला बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, आंब्याला अजून कोंब आलेला नाही. मी पाझरतो आहे. तुम्ही एवढेच करा. झाडाखालच्या पाल्याला काडी लावावी असे कधी मनात आले, तर आधी भर दुपारी उघड्या मातीवर अनवाणी उभे राहून बघा. तुम्ही पळून सावली गाठाल. झाडाला पळता येत नाही.