धुतलेली बरणी

धाकटा शीळ घालत होता, आणि ताईच्या अंगावर उगाच काटा आला.

खरं तर तिनं आनंदानं नाचायला हवं होतं. चार महिने हा गडी भिंतीकडे तोंड करून पडलेला. बेकरी ताईनंच कशीबशी रेटली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या आणि पंधरवड्यात स्वारी उठली. दाढी केली, भट्टी झाडली, आज तर सगळे पाव स्वतः भाजले. "भाऊ माणसात आले हो!" म्हणत गिऱ्हाइकं खूश.

मग त्यानं बेकरीची किल्ली गल्ल्यावर ठेवली. "असू दे तुझ्याकडे," म्हणाला, अगदी गोड आवाजात. एरवी ताईशी भांडल्याशिवाय याचा चहा पचत नसे.

भर दुपार, दुकान रिकामं. ताई आत पीठ मळायच्या खोलीत गेली. फळीवर खमिराची बरणी पालथी घातलेली. लख्ख धुतलेली.

बाई गं! बाबांच्या वेळचं खमीर ते. मळलेल्या पिठातला एक गोळा रोज त्या बरणीत राखायचा, उद्याच्या पावासाठी. आजारपणातही धाकटा तेवढ्यासाठी उठायचा, गोळा ठेवून पुन्हा पडायचा. आज एवढं पीठ मळलं, आणि उद्यासाठी काहीच ठेवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गोळ्यांनी आधी हातापायांत बळ येतं, मन मागून सावरतं. मधले दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. शंका आली तर सरळ विचारा, विचारल्यानं बिघडत नाही." ताईनं मान डोलावली होती, आणि हा उठून बसताच सगळं विसरली होती, मूर्ख कुठली!

शीळ थांबली. धाकटा दारात उभा होता.

"जीव द्यायचं मनात आहे का रे तुझ्या?" तिनं विचारलंच.

तो हसला. डोळे हसले नाहीत.

"बरणी बघितलीस होय," तो म्हणाला. "हो. आजच."

ताईनं त्याचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. दुसऱ्या हातानं फोन लावला.

"आत्ताच्या आत्ता घेऊन या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "क्षणभर एकटं सोडू नका."

निघताना त्याची नजर फळीकडे गेली. "आता उद्या पाव कशाचे करशील गं?" त्यानं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला रडू फुटलं.

"उद्या नाहीच होणार," ताईही रडत होती. "नवं खमीर धरायला आठवडा लागतो म्हणे. आणि मला कुठं येतं ते? तुलाच शिकवावं लागेल."