त्रेसष्ट नंबरची नळी

बासष्ट नंबरचा आकडा पडद्यावर उमटला आणि दशांशकाकांच्या तोंडाला कोरड पडली. पुढचा आकडा उमटायला अजून अर्धं मिनिट होतं. एकोणतीस वर्षं रक्त तपासण्यात घालवलेला हा माणूस एरवी नमुने मशीनला लावले की खुशाल मागे रेलून चहा प्यायचा. आज मात्र तो खुर्चीच्या कडेला टेकून, गुडघे हातांनी दाबून बसला होता. शेजारच्या टेबलावरच्या नव्या टेक्निशियनने दोनदा विचारलं, काका, बरं नाही का? दोन्ही वेळा त्यांनी नुसती मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे तिला काही कळलं नाही.

दशांशकाका हे नाव प्रयोगशाळेनेच ठेवलेलं. चहात साखर किती विचारलं तर हा गृहस्थ दीड चमचा न म्हणता एक पूर्णांक पाच म्हणेल, अशी त्यांची ख्याती होती. आकडा असेल तर गोष्ट आहे, नसेल तर नाही, इतकं सोपं त्यांचं तत्त्वज्ञान. सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही, पण काकांचं आजवर भागलं होतं.

आज लावलेले नव्वद नमुने रोजच्यासारखे नव्हते. हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या स्वच्छ, पण केसासारख्या बारीक वाहिन्या आजारी, असे हे नव्वद रुग्ण. हृदयावर ताण आला की रक्तात एक प्रथिन वाढतं. ते मोजून पुढे कोणाचं दुखणं बळावणार हे आधीच ओळखता येईल का, असा हृदयविभागातल्या मॅडमचा अभ्यास होता. पाच महिने नळ्या गोठवून ठेवल्या होत्या, कारण सगळ्या एकाच दिवशी, एकाच हाताने तपासायच्या होत्या. नळीवर नाव नाही, फक्त नंबर. नावांची यादी मॅडमच्या कपाटात. हा नियम बैठकीत काकांनीच हट्टाने करून घेतला होता. नाव दिसलं की हात बदलतो, असं ते म्हणाले होते आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

आणि त्रेसष्ट नंबर कोणाचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

झालं होतं असं, की पाच महिन्यांपूर्वी हृदयविभागातून सिस्टरचा फोन आला. वहिनींची शीर मिळत नाही, दोनदा टोचून झालं, तुम्हीच या. काका गेले आणि त्यांनी स्वतःच्या बायकोच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं. सिस्टरने त्यांच्यादेखत दोन्ही नळ्यांवर नंबर चिकटवला. तेव्हाच मॅडमना सांगून तो बदलून घ्यायला हवा होता. एवढ्याशा गोष्टीचा बोभाटा कशाला, असा विचार करून काका मूग गिळून गप्प राहिले. नंबर विसरून जाऊ असं त्यांनी ठरवलं. पण जन्मभर आकड्यांवर जगलेल्या माणसाला ठरवून आकडा विसरता येत नाही.

बायकोचं दुखणं सात वर्षांचं. कधी चालताना, कधी नुसतं बसल्या बसल्या, छातीवर कोणीतरी हात दाबून धरल्यासारखं तिला व्हायचं. सुरुवातीला धावपळ झाली, तपासण्या झाल्या, रक्तवाहिन्यांचं चित्र काढलं. त्यात सगळं स्वच्छ निघालं. काकांनी तो रिपोर्ट प्रशस्तिपत्रासारखा घरी वाचून दाखवला होता. त्यानंतर बायकोचा हात छातीकडे गेला रे गेला की ते म्हणायचे, "अगं, नॉर्मल आहे सगळं. मनाचे खेळ आहेत." एका डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने मन रमवायला सांगितलं. लेक फोनवर म्हणाली, आई, तू फार विचार करतेस. हळूहळू बायकोने सांगणंच बंद केलं, आणि काकांनी त्याचा अर्थ बरं वाटतंय असा घेतला. गेल्या वर्षी या मॅडम आल्या. त्यांनी वेगळी तपासणी केली आणि म्हणाल्या, मोठे रस्ते मोकळे आहेत पण बोळ आवळलेत, ते त्या चित्रात दिसत नाहीत. काकांनी तेव्हाही मान हलवली होती. पण न दिसणारी गोष्ट त्यांच्या गळी काही उतरली नव्हती.

पडद्यावर त्रेसष्टचा आकडा उमटला. एकोणीसशे बारा पूर्णांक चार.

वरचे सगळे आकडे शंभर ते तीनशेच्या आसपास होते. त्यांनी आधी मशीनवर संशय घेतला. पण आकडा आधीच ठाऊक असलेले जे दोन नमुने रोज पडताळ्यासाठी लावतात, ते सकाळी चोख आले होते. मग नळीवर संशय घेतला, ती उजेडात धरून पाहिली. रक्तद्रव्य नितळ होतं, गाठ नाही, लाली नाही. ते आपल्याच हातचं काम होतं आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती.

मग काकांनी जे केलं ते त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. प्रत्येक रुग्णाची दुसरी नळी पुढच्या वर्षीच्या तपासणीसाठी राखून ठेवलेली होती आणि मॅडमच्या सहीशिवाय तिला हात लावायचा नव्हता. काकांनी फ्रीजर उघडला, त्रेसष्टची दुसरी नळी काढली आणि मुठीत धरून वितळवली. मुठीत धरून वितळवणाऱ्या शिकाऊ लोकांना ते नेहमी फैलावर घ्यायचे. नळी मशीनला लावून ते उभेच राहिले. आकडा यायला अठरा मिनिटं लागणार होती.

त्या अठरा मिनिटांत त्यांनी घरी चार वेळा फोन केला. कोणी उचलला नाही. ती स्वयंपाकघरात असेल, न्हाणीघरात असेल, खाली गेली असेल, अशी कारणं ते स्वतःलाच देत होते आणि त्यातलं एकही त्यांना पटत नव्हतं. ती फरशीवर आडवी पडली आहे आणि बाजूला फोन वाजतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. सात वर्षांत आपण तिला किती वेळा गप्प केलं, याचा हिशेब त्यांना करवत नव्हता. अशी भीती त्यांना स्वतःच्या आईच्या आजारपणातही वाटली नव्हती.

दुसरा आकडा आला. एकोणीसशे आठ पूर्णांक सात.

इतके जुळणारे आकडे एरवी त्यांनी चारचौघांत मिरवले असते. आज ते मटकन खाली बसले.

चारच्या सुमारास मॅडम आल्या. मशीन सगळ्याची नोंद ठेवतं आणि ती नोंद मॅडमच्या संगणकावर जाते, हे काका विसरले नव्हते. नव्वदांतला एकच नमुना परत का लावला, असं मॅडमनी शांतपणे विचारलं. गाठ होती, बुडबुडा होता, अशी दहा कारणं काकांच्या जिभेवर तयार होती.

"ती माझी बायको आहे," ते म्हणाले.

मॅडम स्टूल ओढून बसल्या. मग काकांनी सिस्टरच्या फोनपासून सगळं सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, हा नमुना आता अभ्यासातून काढावा लागेल आणि का काढला तेही लिहावं लागेल. काका म्हणाले, लिहा, माझं नाव घालून लिहा. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं.

"पण याचा अर्थ काय, मॅडम? किती दिवस आहेत तिच्याकडे?"

"काका, तेच तर शोधतोय आपण. आकडा जास्त असणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते मला तीन वर्षांनी कळेल. तेसुद्धा सगळ्यांचं मिळून. एकट्या त्यांचं हा आकडा सांगत नाही."

"मग काय करू मी?"

"उद्या सकाळी त्यांना घेऊन या. हृदयाची सोनोग्राफी करू, औषधं बदलून बघू. मी आहे." मग त्या म्हणाल्या, "आज घरी आकड्याचं काही बोलू नका. मी नीट समजावून सांगेन."

काकांनी कबूल केलं.

घरापर्यंतचा रस्ता त्यांनी कसा कापला, ते त्यांनाच सांगता आलं नसतं. इमारतीत शिरून ते धापा टाकत जिना चढले, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना बायको दिसली. भाजीची पिशवी भिंतीला टेकवून, खांद्यावरच्या पर्समध्ये मान घालून ती काहीतरी शोधत होती. फोन घरीच राहिला होता. ती जिवंत होती, उभी होती.

ही तिची सवय जुनीच. प्रत्येक वळणावर थांबून ती पर्समध्ये किल्ली शोधायची आणि काका वरून ओरडायचे, "किल्ली आधी काढून ठेवता येत नाही का?" आज ते ओरडले नाहीत. ते खालच्या पायरीवर थांबले आणि तिच्याकडे बघत राहिले. तिचे ओठ फिकुटले होते, कपाळावर घाम होता, आणि किल्ली तिच्या डाव्या मुठीत होती.

तिने वळून पाहिलं आणि मूठ पदरात लपवली. पण उशीर झाला होता.

"किल्ली हातातच असते तुझ्या," काका म्हणाले.

"असते."

"नेहमी?"

"तुम्ही चिडता ना थांबले की. किल्लीवरून चिडलेलं परवडतं."

काकांनी पिशवी उचलली, परत खाली ठेवली. मॅडमना दिलेला शब्द त्यांना आठवत होता. पण बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि तिच्यापासून लपवायची कला त्यांना कधी साधली नव्हती.

"लवकर कसे आलात? काय झालंय?"

"तुझं रक्त तपासलं आज. आकडा जास्त आलाय," ते म्हणाले. "खूप जास्त. उद्या मॅडमनी बोलावलंय."

ती घाबरेल, रडेल, निदान मटकन बसेल, या विचाराने त्यांनी हात पुढे केला होता. पण तिच्या कपाळावरची आठी सावकाश सैल झाली.

"म्हणजे दुखत होतं," ती म्हणाली.

"हो."

"खरंच दुखत होतं."

"हो गं. खरंच दुखत होतं." काकांचे डोळे भरून आले. "मला माफ कर."

तिने पर्स बंद केली, साडी सावरली आणि भर जिन्यात पायरीवर बसली. काका तिच्याशेजारी टेकले. तिचा प्रत्येक श्वास ते कान देऊन ऐकत होते आणि एक श्वास संपून दुसरा सुरू होईपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

वरच्या मजल्यावरच्या बाई खाली उतरत होत्या. दोघांना असं बसलेलं पाहून त्या थबकल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. काका लगबगीने उठायला गेले, पण बायको उठली नाही. तिने पाय आवरून बाईंना वाट करून दिली.

"छातीत दुखतंय," ती म्हणाली, "म्हणून बसलेय."