समजलं असल्याची सही

“कधीही, अगदी कधीही, तुम्ही या अभ्यासातून बाहेर पडू शकता,” डॉक्टरीणबाई वाचत होत्या. “कारण सांगायची गरज नाही. तुमचे इथले उपचार थांबणार नाहीत.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवर इस्त्रीवालीच्या अंगाचा तिळपापड झाला.

कारण सांगायची गरज नाही! काय ते लाड!

ती रुग्णालयाच्या तळघरात चादरींना इस्त्री करायची. मूल राहण्यासाठीच्या नव्या गोळीचा अभ्यास वरच्या मजल्यावर सुरू झाला, तेव्हा वाचता न येणाऱ्या बायकांसाठी साक्षीदार हवा होता. वाचता येणारा, पण डॉक्टरांच्या माणसांतला नसलेला. बाईला सगळं समजलं, तिनं आपणहून अंगठा दिला, एवढं पाहायचं आणि सही करायची. सोपं काम.

सोपं कसलं डोंबलाचं!

समोर बसलेली चौतिशीची. शिवणकाम करणारी. शेजारी नवरा, तिची पिशवी मांडीवर घेऊन. मघापासून तीनदा म्हणाला होता, “तुला काय वाटतं? तुझं तू ठरव.”

इस्त्रीवालीला कुणी विचारलं होतं? सासूनं तळहातावर गोळ्या ठेवल्या. गीळ. कसल्या? डॉक्टरांना कळतं. दोन वर्षं गिळल्या. मूल तर नाहीच, उलट पाळी गेली. त्या कसल्या होत्या, ते आजतागायत... जाऊ दे.

डॉक्टरीणबाई शाईचं पॅड आणायला गेल्या. शिवणवाली नवऱ्याकडे झुकली. “पुढच्या वर्षी या वेळेला मांडीवर असेल, बघच.”

निम्म्या बायकांना तुलनेसाठी नुसत्या पिठाच्या गोळ्या, हे आत्ताच वाचलं होतं. वर्षभर दुसरा उपचार घ्यायचा नाही, हेही. या शिवणवाल्या बाईसाहेबांनी सगळं कानाआड केलेलं. चौतिशीतलं वर्ष वाया!

गप्प बस, इस्त्रीवालीनं स्वतःला बजावलं. तुझ्या बापाचं काय जातंय? गिळू दे. तुला तरी कुणी...

पॅड आलं. अंगठा शाईत बुडाला.

“थांबा. हिला काय समजलं ते विचारा.”

“मावशी, मी दोनदा वाचलंय.”

“मग तिच्या तोंडून ऐकू की.”

शिवणवालीला सांगता येईना. ती भडकली. “माझं चांगलं होतंय ते बघवत नाही तुम्हाला. पोटात दुखतंय!”

“दुखतंय,” इस्त्रीवाली म्हणाली. “फार दुखतंय. आता त्या पिठाच्या गोळ्यांचं ऐक.”

पुन्हा वाचन झालं. या वेळी एकेक वाक्य, थांबत थांबत.

“म्हणजे माझ्या वाट्याला कुठली आली, ते मलाच कळणार नाही?”

“मलाही नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शिवणवालीनं नवऱ्याकडे पाहिलं. मग रुमालानं अंगठा पुसला. “नको मग.”

डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला. “बरोबर केलंत, मावशी,” त्या म्हणाल्या, पण मान वर न करता.

दारातून शिवणवाली वळली. राग ओसरला होता. “मावशी, तुम्ही माझ्या जागी असता, तर घेतल्या असत्या?”

इस्त्रीवालीनं सहीचं पेन खाली ठेवलं.

“थांब हं,” ती म्हणाली. “विचार करू दे.”

शिवणवाली जरा वेळ थांबली. मग जिन्यावरून नवऱ्याची हाक आली, तशी निघून गेली. इस्त्रीवाली अजून विचार करत होती.