मी फुटकी नव्हते

मी शिट्टी बोलतेय. आवाज चढा लागला तर कान झाका, पण ऐका. मला फुटकी ठरवून अडगळीत फेकलं गेलं होतं, आणि ज्याने हे केलं त्याला मी आजही माफ केलेलं नाही. करणारही नाही.

एका कारखान्यात पितळेचा पत्रा वाकवून मला घडवलं. पोटात बुचाची एक गोळी टाकली आणि पाठीवर छोटीशी खिडकी ठेवली. ही खिडकी लक्षात ठेवा. माझा आवाज तिथूनच बाहेर पडतो.

माझे पहिले मालक फुटबॉलचे पंच होते. चांगले आडदांड खेळाडू अंगावर धावून यायचे, पण मी वाजले की जागच्या जागी थांबायचे. म्हातारपणी त्यांनी मला मुलाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ही कधी उगाच वाजली नाही. तूही उगाच वाजवू नकोस."

मुलाचं चष्म्याचं दुकान. मित्र त्याला चष्मेवालाच म्हणायचे. दिवसभर दुसऱ्यांना नजर द्यायची आणि स्वतःचा चष्मा काढला की समोरचा माणूस की खांब, तेही कळायचं नाही!

हे चार मित्र शाळेपासूनचे. चष्मेवाला, दवाखान्यात नर्स असलेली सिस्टर, वायरमन लांबू आणि कप्तान. कप्तान कसला? फरशा विकायचा. पण डोंगरात लाल टोपी घालून सगळ्यांच्या पुढे चालायचा, म्हणून कप्तान. दर वर्षी चौघं डोंगर चढायला जात. त्यांचा नियम एकच होता. सगळ्यात मागे चालेल तो शेपूट, आणि शिट्टी शेपटाच्या गळ्यात. शिट्टी तीनदा वाजली की पुढच्याने थांबायचं आणि मागे फिरायचं. मग शिखर हाताच्या अंतरावर का असेना.

त्या वर्षी सिस्टर आणि लांबू लवकर निघून खिंडीपलीकडच्या मुक्कामाच्या खोलीवर गेले होते, चहापाण्याची सोय करायला. मागे माझा मालक, पुढे कप्तान. आदल्या वर्षी ढगांमुळे शिखर हुकलं होतं आणि कप्तानाने ते मनाला लावून घेतलं होतं. आजही ढग येत होते. तो सारखा वर बघत होता.

खिंडीखालच्या वळणावर माझ्या मालकाचा पाय सुटला. गुडघा दगडावर आपटला, चष्मा दरीत गेला. त्याने मला तोंडात धरलं आणि जीव खाऊन फुंकलं. एकदा, दोनदा, तीनदा. कडे दणाणले.

त्याला काही दिसत नव्हतं, पण मला दिसत होतं. वरची लाल टोपी थांबली. मागे वळली. मग तिने आभाळाकडे पाहिलं आणि ती वर चालू लागली. आम्ही पुन्हा हाक दिली, पुन्हा दिली. टोपी वळली नाही.

उतरत्या उन्हात सिस्टर आणि लांबू शोधत आले, तेव्हा माझा मालक हातांवर सरपटत होता. दोघांनी त्याला धरून खोलीवर आणलं. कप्तान शिखर गाठून तिथे येऊन बसला होता.

"शिट्टी वाजली असती तर धावत आलो नसतो का रे?" तो म्हणाला. "बघू ती इकडे."

त्याने मला तोंडाला लावलं आणि अंगठा अलगद माझ्या खिडकीवर ठेवला. फुंकलं. फुस्‌!

"अगं बाई, ही तर फुटकीच निघाली," सिस्टर म्हणाली.

"निघताना तपासून घ्यायची नाही का?" लांबू वैतागला.

कड्यांत दणाणलेला माझा आवाज मालकाला आता दुखण्यातला भास वाटू लागला; त्याने सुजलेला गुडघा धरून मान खाली घातली. "चुकलंच माझं. तुम्हा सगळ्यांना त्रास झाला." आणि कप्तानाने मोठ्या मनाने त्याच्या खांद्यावर थोपटलं. चोर तो चोर, वर शिरजोर! तेव्हाच मी मनाशी गाठ बांधली, ह्याचा सूड घेतल्याशिवाय झिजून जायचं नाही.

मालकाचा गुडघा पुन्हा पूर्ण वाकला नाही. मला दुकानाच्या खणात टाकलं, मोडक्या दांड्या नि फुटक्या काचांमध्ये. त्यापुढच्या सहलीला कोणी त्याला बोलावलं नाही. "त्याला कशाला दगदग," असं कप्तानच सगळ्यांना सांगायचा म्हणे.

मग एकदा मालकाच्या बायकोने खण आवरायला काढला. मला पुसलं आणि सहज फुंकलं. भिंतीवरचे आरसे थरथरले.

"अहो, फुटकी काय म्हणता? कान फाटले माझे!"

मालकाने मला तिच्या हातातून घेतलं. त्याने मला तोंडाला लावलं. हळू फुंकलं, जोरात फुंकलं, तिरकं धरून फुंकलं. मी दरवेळी वाजले. भिंगातला दोष शोधावा तसा तो माझ्यात दोष शोधत होता. शेवटी त्याने खिडकीवर अंगठा ठेवला. फुस्‌! त्याचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. रागही आला, की बाबा रे, एवढा वेळ लागला तुला?

पुढच्या सहलीला तो न बोलावताच काठी घेऊन हजर झाला. "मी पुढे चालतो," म्हणाला, "म्हणजे कोणाला माझ्यासाठी थांबावं लागणार नाही. कप्तान, तू शेपूट." आणि मला त्याने कप्तानाच्या गळ्यात घातलं. "फुटकी आहे, माहितीये ना तुला. पण नियम म्हणजे नियम."

कप्तान हसला. बाकीचेही हसले. मी त्याच्या छातीवर वाट बघत लोंबकळत राहिले.

खिंडीखालच्या त्याच चढावर त्याच्या पोटरीत असा गोळा आला की तो बसकणच मारून बसला. बाकीचे तिघे वर पोचत होते. त्याने हाका मारल्या, पण वारा उलटा होता. ढग खाली उतरू लागले. त्याचा हात माझ्याकडे आला, थांबला, पुन्हा आला. मला वाजवावं तर स्वतःचं खोटं उघडं पडतं, न वाजवावं तर ढगात एकटं बसावं लागतं. काय सांगू, त्याच्या घामेजल्या बोटांत मला केवढा आनंद झाला!

शेवटी भीती जिंकली. त्याने फुंकलं आणि मी उभ्या जन्मात वाजले नव्हते तशी वाजले.

वरची तिन्ही डोकी पहिल्याच फुंकेला वळली. तिघं खाली आली. सिस्टरने त्याची पोटरी चोळून दिली, पण तिचे डोळे माझ्यावर होते. "ही... तीच ना रे?"

कप्तानाने मला मुठीत झाकलं.

माझा मालक काठीवर रेलून शांतपणे म्हणाला, "पुन्हा वाजव. आता अंगठा ठेवून."

त्याने वाजवलं नाही. लांबूने त्याच्या डोक्यावरची लाल टोपी काढून घेतली आणि स्वतःच्या पिशवीत कोंबली.

तोडला मात्र नाही त्याला कोणी. उतरल्यावर तो मला परत द्यायला आला, तेव्हा मालक म्हणाला, "राहू दे. आता ती तुझ्याकडेच शोभते."

तेव्हापासून मी त्याच्याच गळ्यात आहे. दर वर्षी चौघं डोंगरावर जातात. पुढे चष्मेवाला, लंगडत, त्याच्या गुडघ्याला झेपेल तसा. मागे हा. तो दमतो, पण मला फुंकायची त्याची हिंमत होत नाही. पावलागणिक मी त्याच्या छातीवर आपटते. सवय होईल म्हणून वाट बघतोय बिचारा. मी होऊ देणार नाही.