घेराची टीप

सरकारने ते बक्षीस लावलं तेव्हा टेलरबाईचं लग्नसुद्धा व्हायचं होतं. इंजिन नाही, तेल नाही, नुसत्या अंगच्या जोरावर जो कुणी विमान उडवील, मैदानाच्या दोन टोकांना रोवलेल्या खांबांना वळसा घालून निघाल्या जागी परत येईल, आणि जाताना-येताना दोन्ही वेळा बांबूंवर ताणलेल्या दोरीच्या वरून जाईल, त्याला ते मिळायचं होतं. शिवाय सरकारने एक निधी कायमचा बाजूला काढून ठेवला होता. जिंकणाऱ्याची कार्यशाळा त्याच्या व्याजावर चालणार होती. शेड, लाकूड, कापड, सगळं काही, जोवर तिथे नवं करून बघणारं कुणी आहे तोवर. ज्या अधिकाऱ्याच्या डोक्यातून हे निघालं तो म्हणे म्हणायचा, आज अंगणाएवढं उडतील, उद्या चंद्राची वाट विचारतील; आपण फक्त खाऊ वर टांगून ठेवायचा.

खाऊ टांगलेलाच राहिला. वर्षानुवर्षं माणसं येत, पंख बांधत, गवतात आपटत आणि पंखांचे तुकडे घेऊन घरी जात. तो अधिकारी निवृत्त झाला, त्याच्यामागून आलेलेही झाले. जुन्या विमानतळावरची शेड भाग घेणाऱ्यांना वापरायला मिळे, तिच्या पत्र्यांना भोकं पडली. शेवटी कळवण्यात आलं की हा हंगाम शेवटचा. गवत वाळून वारे सुटले की योजना बंद, शेड परत.

तोवर शेडमध्ये एकच विमान उरलं होतं, टेलरबाईच्या नवऱ्याचं.

नवरा ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करायचा. लाकडाचं कुठे किती ऐकायचं आणि कुठे त्याला दटावायचं, हे त्याला बरोबर कळे. माणसांशी बोलताना मात्र शब्द सापडत नसत. गल्लीत त्याला सगळे 'वैमानिक' म्हणून चिडवायचे आणि तो गंभीरपणे ओ द्यायचा. त्याने बांधलेले पंख गल्लीपेक्षा लांब होते आणि कांद्याच्या सालीइतके पातळ. त्यांचं कापड टेलरबाईनेच जोडलं होतं. ते इतकं तलम, की टीप घालताना आपण हवेलाच शिवतोय असं तिला वाटे.

लाकडी चौकटीवर कापड ताणलेली बैठक त्याने स्वतःच्या मापाची केली होती. पण विमान बांधायला घेतलं तेव्हा तो काडीसारखा होता, आणि मधली सगळी वर्षं त्याच्या पोटावर येऊन बसली होती. एका सकाळी त्याने ती बैठक करवतीने कापून लहान केली, काखेत मारून घरी आणली आणि बायकोच्या शिलाई मशीनशेजारी ठेवली.

"बसून बघ," तो म्हणाला.

ती बसली. जणू माप घेऊनच केली होती. तो कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलून बराच वेळ पाणी पीत राहिला.

त्याच्या बहिणीला हे कळलं तेव्हा तिने डोक्याला हात लावला. ही नणंद टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. लग्न तिने केलं नाही, कारण कुणाचं ऐकून घ्यायची हौस ऑफिसातच फिटते, असं ती सांगे. आवाज असा खणखणीत, की तार नसती तरी तिचं बोलणं पलीकडे पोचलं असतं. दादाला अक्कल नाही हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण वहिनी, तुझ्याबद्दल माझं मत चांगलं होतं, असं ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पंखाचं टोक धरायला सगळ्यांच्या आधी हजर झाली.

टेलरबाई किरकोळ अंगाची आणि चिवट. दिवसभर पायाने मशीन चालवायची आणि संध्याकाळी शिवलेले कपडे सायकलवरून लांबच्या वस्त्यांपर्यंत पोचवायची. तिच्या पायांत काय होतं ते तिला माहीत नव्हतं, नवऱ्याला मात्र होतं. पहिल्याच दिवशी तिने पायडल मारले, पंखा फिरला, साखळी कुजबुजली आणि गवत खाली गेलं. तिला वाटलं होतं भीती वाटेल. तसं काही झालं नाही. वर फार शांत होतं. खाली धुकं मलमल वाळत घालावी तसं पसरलेलं आणि त्यातून नणंदेचा आवाज येत होता, कुणीतरी दुसऱ्याच जन्मातून हाक मारावी तसा.

खाली आल्यावर तिने नवऱ्याला म्हटलं, बैठक पुन्हा रुंद करू, एकदा तुम्हीही बसा. तो पंखाखालची धूळ पुसत राहिला. त्याच्या वजनाने मधली दांडी मोडली तर नवी करायला हंगाम पुरणार नव्हता.

"माझं काय, नंतर," तो म्हणाला.

त्या 'नंतर'चा अर्थ तिला कळत होता. बक्षीस मिळालं तर शेड राहणार, विमान राहणार आणि ते 'नंतर' येणार. नाही मिळालं तर हे पंख कुठल्याच घरात मावणारे नव्हते. ते कापावे लागणार होते, आणि करवत त्यालाच चालवावी लागणार होती. पस्तिशीपासून ज्या माणसाने झोपेतसुद्धा दुसरं काही पाहिलं नाही, तो एकदाही जमिनीवरून वर न जाता म्हातारा होणार होता. रोज पहाटे मैदानावर जाताना ती ते ओझं बरोबर घेऊन जायची, आणि विमानात चढताना मात्र ते उतरवून ठेवता येत नसे.

सरळ ती सुरेख जायची. दोरीवरून अलगद जायची. पण पहिल्या खांबापाशी वळायला घेतलं, की विमान दमलेल्या गाईसारखं गवतात बसायचं. दर वेळी तसंच. नवऱ्याला वाटलं शेपटात खोट आहे. त्याने शेपूट सोडवलं, नवं केलं, तेही बदललं. त्याची झोप उडाली. दोरीपाशी घडीची खुर्ची टाकून बसणारे सरकारी निरीक्षक होते, म्हातारे, मफलरवाले. इतकी वर्षं माणसांना पडताना बघून त्यांच्या चेहऱ्यावर कायमचा दिलगिरीचा भाव आला होता. ते प्रत्येक वेळी थर्मासमधला चहा टेलरबाईला द्यायचे, जणू पाडलं त्यांनीच होतं.

आणि मग एका दुपारी ती उशीचे अभ्रे शिवत होती.

एक बाजू झाली, कोपरा आला. पाय थांबले. सुई कापडात तशीच ठेवून तिने कापड दाबून धरणारा दाब उचलला, कापड वळवलं, दाब सोडला, पाय पुन्हा सुरू. दुसरी बाजू, कोपरा, पाय थांबले. लग्नाच्या आधीपासून ती हे करत आली होती आणि कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. शेपटात काही खोट नव्हती. खांब आला की तिला कोपरा दिसत होता, आणि कोपऱ्यावर पाय थांबवल्याशिवाय तिला आयुष्यात कधी वळता आलं नव्हतं.

नवऱ्याला सांगणं कठीण होतं, कारण त्याने इतके दिवस स्वतःच्या हातांना दोष दिला होता. तिने सांगितलं. तो अभ्रा हातात घेऊन चारही कोपरे चाचपत बसला आणि एकाएकी हसू लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बहीण म्हणाली, घ्या, हा सगळा हंगाम बिचाऱ्या शेपटाला शिव्या घातल्या आणि चोर निघाला उशीत.

पण कळलं म्हणून वळलं असं होत नाही. त्याने समजावलं, नणंदेने खांबापाशी उभं राहून एक्स्चेंजच्या आवाजात "पाय, पाय" असा पुकारा केला. उपयोग शून्य. वळायचंय असं मनात आलं रे आलं, की पाय आपले थांबायचे. खरं म्हणजे पुकाऱ्यामुळे ते जास्तच ठरवून थांबू लागले. हंगाम सरत आला. दुपारी वारा सुटायला लागला होता आणि गवताची टोकं पिवळी पडत होती.

उपाय सापडला तोही मशीनवरच. एका मुलीचा फ्रॉक होता, भरपूर घेराचा. टेलरबाई घेराला टीप घालत होती आणि मनात पंख कापले जात होते. पाय चालले होते. डावा हात कापड जरा जरा फिरवत होता, इतकं थोडं, की फिरवतोय असं वाटूही नये. नजर सुईवर नव्हती, सुईच्या पुढे होती. घेर सरकत होता, सरकत होता, आणि एकदम तिच्या समोर तिचेच सुरुवातीचे टाके आले. मध्ये ती कुठेच थांबली नव्हती.

"अहो," तिने हाक मारली. "कोपरा घ्यायचाच कशाला?"

तो आला. तिने खडूने कापड बेतायच्या टेबलावर दोन फुल्या काढल्या आणि त्यांच्याभोवती एक मोठा गोल. त्याने गोलावरून बोट फिरवलं. मैदानात हा मावणार नाही, तो म्हणाला, पलीकडच्या तळ्यावरून जावं लागेल. आणि रस्ता किती वाढला बघ, दम पुरेल का? ती म्हणाली, शाळा सुरू व्हायच्या आधी गणवेशांच्या दिवसांत रात्ररात्र मशीनवर बसते, तशी बसेन. ते दिवस त्याने पाहिले होते.

निरीक्षकांनी नियम पुन्हा वाचले. खांब वळशाच्या आत राहिले पाहिजेत, इतकंच त्यात होतं. वळसा केवढा ते नव्हतं. त्यांनी कागद खाली ठेवला आणि त्या हंगामात पहिल्यांदाच स्वतःसाठी पूर्ण कप चहा ओतला.

शेवटच्या पहाटे वारा नव्हता. नणंदेने पंखाचं टोक धरलं, नवऱ्याने बैठकीचे पट्टे तपासले, पुन्हा तपासले, आणि तिच्या चपला काढून स्वतःच्या हातात घेतल्या. तेवढंच वजन कमी.

दोरी खालून गेली. मग खांब डावीकडे लांब राहिला, आणि तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने पुढे पाहिलं, जिथे घेर जात होता. सुकाणूवरचा डावा हात जरा जरा. पाय चालले होते. झाडांचे शेंडे संथपणे बाजूला झाले, एखाद्या दाराचे पडदे सारावेत तसे, आणि तळं आलं.

तळ्यावर धुकं नव्हतं. पाण्यात एक विमान होतं आणि त्यात एक बाई पायडल मारत होती, डोकं खाली, पाय वर, तरी अगदी निवांत. दोघी बरोबर चालल्या. टेलरबाईला वाटलं, ही खालची कधीची निघालेली आहे, कदाचित आपण फ्रॉक शिवायला शिकलो तेव्हाची. तिचे पाय दुखत नव्हते. मग ते दुखू लागले तेव्हा खालच्या बाईचेही दुखत असणार, असं मनात येऊन तिला सोबत वाटली. पाणी संपलं, बाई गेली, आणि पुन्हा गवत आलं.

आता पाय शिशाचे झाले होते. विमान खाली खाली येत होतं. दुसरा खांब आत राहिला, मागे गेला, आणि समोर दोरी दिसली, बरीच उंच. छातीत धाप मावत नव्हती. थांबावंसं वाटलं, फक्त एक क्षण, सुई आत ठेवून. तेवढ्यात तिला दोरीपाशी नवरा दिसला. तो धावत नव्हता, हाका मारत नव्हता. दोन्ही हातांत तिच्या चपला घट्ट धरून तो एका जागी उभा होता आणि त्याचे पाय वरखाली, वरखाली चालले होते, जणू त्याच्याही पायांखाली पायडल होते. एवढा जाड माणूस, एवढ्या गंभीर चेहऱ्याने. तिला हसू आलं. त्या हसण्यातच कुठूनतरी दम आला आणि पंख दोरीच्या वरून गेले.

ती तिथे थांबली नाही. घेर पूर्ण झाला की सुरुवातीच्या टाक्यांवरून थोडं पुढे शिवायचं असतं, नाहीतर टीप उसवते. ती तशी थोडी पुढे गेली, आणि मग गवतात उतरली.

निरीक्षक खुर्चीतून उठले. मफलर सारखा केला. त्यांना बरंच काही बोलायचं होतं असं दिसत होतं.

"दोरी हलली नाही," ते म्हणाले.

पुढे समारंभ झाला, भाषणं झाली. वर्तमानपत्रात फोटो आला त्यात नणंदेचा फक्त हात होता, आणि तिने तो फोटो एक्स्चेंजमध्ये सगळ्यांना दाखवला. निधी सुरू झाला, शेडचे पत्रे बदलले. त्या पत्र्यांखाली नंतर कितीतरी जणांनी काय काय करून पाहिलं. एकीने चंद्राच्या धुळीत न रुतणारी चाकं केली, ती चाकं चंद्रावर गेलीसुद्धा. टेलरबाई म्हातारपणी तिथे जायची तेव्हा तरुण पोरी तिला बक्षिसाचं विचारायच्या. ती थोडंफार सांगायची. पण तिच्या डोळ्यांसमोर यायची ती दुसरीच सकाळ.

बक्षिसाची गडबड ओसरल्यावरची. मधल्या दिवसांत नवऱ्याने जुनी दांडी काढून जाड घातली होती. आता मोडली तरी दुसरी करायला उभं आयुष्य होतं. तिने बैठकीचं कापड उसवलं, आखूड झालेल्या कपड्याची शिवण सोडावी तसं ते सोडलं, चौकटीच्या कडेला लाकडाच्या आणि कापडाच्या पट्ट्या जोडल्या आणि ती रुंद बैठक काखेत मारून शेडमध्ये नेली.

"बसून बघा," ती म्हणाली.

तो बसला. पाणी प्यायला जवळपास काही नव्हतं, त्यामुळे त्याला तोंड लपवता आलं नाही.

नणंदेने पंखाचं टोक धरलं आणि दादा, खाल्लेलं आठवून पायडल मार, असं बजावलं. पंखा फिरला. टेलरबाई बैठकीशेजारून धावू लागली. गवत दबलं, सुटलं, आणि तो वर गेला. फार नाही, एखाद्या स्टुलाइतका. दोन खांब नाहीत, दोरी नाही, वळायचं नाही, नुसतं सरळ. ती धावत होती आणि तो तिच्या खांद्याच्या जरा वर तरंगत होता. त्याचे डोळे उघडे होते. मग गवताने त्याला परत घेतलं.

त्याने पट्टे सोडले, पण उतरला नाही.

"अगं," तो म्हणाला, "तुझ्या केसांत निळा दोरा अडकलाय. वरून दिसला."

तिने हात वर नेला, आणि मग तो दोरा तसाच राहू दिला.