खंडव्याचा ठराव

संस्थानं विलीन होण्याचे ते दिवस, आणि गावात उठसूट ठराव होत होते. अशात बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेनं मुलांचा राष्ट्रसंघ भरवला, यात नवल नव्हतं. सिंधीपुऱ्यातली कमल त्यात ब्रह्मदेश झाली. तिनं ठराव लिहिला: सर्व राष्ट्रांनी वैर सोडून प्रेमानं नांदावं.

"छान," दिगंबर मास्तर म्हणाले. "पण हे करायचं कोणी? कधी? आणि जो नाही म्हणणार, त्याची अडचण काय? एवढ्याला आपल्याकडे आशीर्वाद म्हणतात."

कमलला ते चांगलंच झोंबलं. पण पोरगी जिद्दीची. तिनं ठराव नव्यानं लिहिला. पूर आलेल्या देशाला तांदूळ कोणी द्यायचा, जहाज कोणाचं, सगळं घातलं. रशिया झालेला श्रीकांत अडून बसला होता. त्याला आधीच गाठून त्याची अटही घातली. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि खंडव्याच्या शाळाशाळांच्या सभेसाठी तिची निवड झाली. कमलला आनंदानं जेवण गेलं नाही.

घरचा राष्ट्रसंघ मात्र एका माणसाचा, आणि नकाराधिकार त्याच्याकडे. आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा, दोघंच. कापडाच्या दुकानातून आलेल्या अनंतरावांनी सगळं ऐकलं आणि "बघू" म्हणाले. बाबांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे तिला पाठ होतं.

मग तिनं घरासाठीही ठराव लिहिला आणि दुसऱ्या संध्याकाळी बाबांपुढे ठेवला. सोबतीला मास्तरांच्या पत्नी निर्मलाबाई येतील. खंडव्यात मुक्काम आत्याकडे. बाबांच्या भाकऱ्या शेजारच्या रंभाबाई करतील. कोणी नावं ठेवलीच, तर मास्तर स्वतः उत्तर देतील.

अनंतरावांनी चष्मा लावून वाचलं, हसू मिशीत दडवलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"सगळं बराबर आहे, पोरी. पण जेवणाची फिकर नव्हतीच मला."

"मग अडचण काय, बाबा?"

"तुझी आई गेली तेव्हापासून मी अंधाऱ्या घरात पाय नाही टाकला. गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो. तू लावलेला दिवा दिसला, की मगच येतो."

हे तिला कधी कळलंच नव्हतं. तिनं पेन्सिल उचलली आणि शेवटी लिहिलं: संध्याकाळचा दिवा रंभाबाई लावतील.

अनंतरावांनी तिच्या हातून पेन्सिल घेतली, रंभाबाईंचं नाव खोडलं आणि तिथं आपलं लिहिलं.